पाडायचं कुणाला ते ठरलंय

दिंडोरी लोकसभा मतदारसंघात दिंडोरी गाव एका कडेलाच पडतं, नाशिकहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मतदारसंघ तिथून पूर्वेला मनमाड-नांदगावपर्यंत पसरलाय आणि वायव्येला सुरगाण्याचे डोंगर ओलांडून थेट गुजरातला टेकलाय. २००८ च्या पुनर्रचनेत जुना मालेगाव मतदारसंघ मोडला आणि हा जन्माला आला. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ यात येतात. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. त्यामुळे उमेदवार आदिवासी असतो, पण मतांचा मोठा गठ्ठा सपाटीवरच्या कांदा-द्राक्षवाल्यांकडे. २०२४ च्या मे महिन्यात मी या भागात एसटीनं आणि वडापच्या जीपनं हिंडलो. मतदान २० तारखेला होतं. ‘कांदा कुणाला रडवणार?’ हा मथळा मी निघण्याआधीच इतक्या वर्तमानपत्रांत वाचला होता की कांद्याची नाही, मथळ्याचीच निर्यातबंदी करावी असं वाटत होतं.

लासलगावला सकाळी पोचलो. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या, उन्हाळ कांद्यानं ट्रॉल्या शिगोशीग भरलेल्या. इथला लिलाव पाहिला नसेल त्याला तो कधी सुरू झाला नि कधी संपला ते कळत नाही. व्यापाऱ्यांचा घोळका रांगेबरोबर पुढे सरकत जातो. एकजण ट्रॉलीतला कांदा उचलतो, अंगठ्यानं दाबतो, वरचा पापुद्रा चोळून उडवतो, नाकापाशी नेतो आणि परत टाकतो. तोवर बोली पाच-दहा रुपयांनी चढत गेलेली असते. पुकारणारा आकडा म्हणतो, कुणीतरी चिठ्ठी लिहितं, घोळका पुढच्या ट्रॉलीला. चार महिन्यांच्या पिकाचा फैसला शेतकऱ्यानं ट्रॉलीच्या कडेला धरून उभं राहून ऐकायचा. त्यात त्याला बोलायचं काहीच नसतं. खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना तळातला माल व्यापाऱ्याला पसंत पडला नाही, तर तिथं पुन्हा घासाघीस. त्याच एप्रिलात हमाली-तोलाईच्या कपातीवरून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले होते, त्यामुळे कांदाचाळीत साठलेला माल एकदम बाहेर पडत होता.

रांगेत मागे असलेल्या एका ट्रॅक्टरवर पन्नाशीतले एक गृहस्थ बसले होते. पायजमा, टोपी, शर्टाच्या खिशात घडी घातलेल्या हिशोबपट्ट्या. मी विचारलं, “भाऊ, यंदा वारं कुणाचं?”

“वारं पाहायला तुम्ही लोक येता,” ते म्हणाले. “आम्ही भाव पाहतो.”

उमेदवारांचा विषय काढला तसे ते खाली उतरले. “हे पाहा दादा. ह्या ताई गेल्या टायमाला कमळावर आल्या. त्याच्या आधीच्या टायमाला घड्याळावर उभ्या होत्या. गेल्या टायमाला घड्याळावर यांच्यासमोर जो उभा होता, तो मूळचा धनुष्यबाणाचा आमदार. माणसं तीच, चिन्हं हिंडतात नुसती. आता तर चिन्हंसुद्धा फुटली.”

त्यांचा हिशेब बरोबर होता. २०१४ मध्ये भारती पवार राष्ट्रवादीकडून लढल्या आणि भाजपचे हरिश्चंद्र चव्हाण यांच्याकडून हरल्या. २०१९ ला भाजपनं चव्हाणांना घरी बसवून तिकीट पवारांनाच दिलं. राष्ट्रवादीला मग उमेदवार हवा होता, तर त्यांनी शिवसेनेचे माजी आमदार धनराज महाले यांना आणलं. पवार जवळपास दोन लाखांनी निवडून आल्या आणि २०२१ ला केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. २०२४ ला त्यांच्यासमोर शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे उभे होते. पेशानं शिक्षक, म्हणून सगळे ‘भगरे सर’ म्हणत.

“मग यावेळी भगरे सर?”

“सर कसे आहेत ते मला माहीत नाही. ते निवडून येऊन काय करतील तेही माहीत नाही. काही करतील असं काही वाटत नाही.” त्यांनी टोपी काढून घाम पुसला. “कुणाला आणायचं ते डोक्यात नाहीच आमच्या. पाडायचं कुणाला ते ठरलंय.”

हे वाक्य पुढे फिरताना मी इतक्यांकडून ऐकलं की शेवटी प्रश्नच बदलला. कुणाला मत देणार, असं विचारणं सोडून कुणावर राग आहे असं विचारू लागलो. उत्तरं लगेच यायची, तारीखवार. एकादशी-चतुर्थी सांगावी तसं लोक कांद्याचे आदेश सांगत. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातदर. डिसेंबरात सरसकट बंदी, आणि थोड्याच दिवसांत भाव निम्म्यावर. बंदी ३१ मार्चला संपणार होती ती संपायच्या आधीच वाढवली. एप्रिलच्या शेवटी गुजरातचा २,००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी निघाली, ही गोष्ट सांगताना तर माणसं बसल्या जागेवरून उठत. मग ४ मे रोजी, मतदानाला सोळा दिवस उरले असताना, बंदी उठली. पण टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. “कुलूप काढलं आणि कडी तशीच ठेवली,” असं एका पोरानं मला सांगितलं. पोरगं कॉमर्स कॉलेजला होतं आणि डॉलरचा दर त्याला रोजच्या रोज माहीत होता.

गंमत अशी की यातला एकही निर्णय खासदाराच्या हातातला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निर्यातबंदी लोकसभेत मताला येत नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघते, बऱ्याचदा रात्री, आणि सकाळच्या लिलावात ती भावात उतरलेली असते. मग खासदाराला पाडून काय साधणार? हा प्रश्न मी निफाडजवळच्या एका चाळीच्या सावलीत विचारला. (चाळ म्हणजे कांद्याची, पट्ट्या-पट्ट्यांच्या भिंतींची, आतून वारा खेळणारी.) चाळीच्या मालकानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “अधिसूचना काढणारा उभा राहतो का इथं? उभा राहतो तो खासदार. जो हाताशी येतो त्यालाच धरणार ना?”

हा तर्क मला शहरातल्या जाहीरनामे वाचणाऱ्या मतदाराच्या तर्कापेक्षा जास्त व्यवहारी वाटतो. शहरात आपण उमेदवारावर विश्वास नाही म्हणून मतदानाला जात नाही आणि त्याला सुजाणपणा म्हणतो. इथं विश्वास त्याहून कमी, पण पाचव्या टप्प्यात राज्यातल्या ज्या १३ मतदारसंघांत मतदान झालं त्यांत सर्वांत जास्त टक्का दिंडोरीचाच निघाला, ६६ च्या वर. मुंबईतले सहाही मतदारसंघ याच टप्प्यात होते.

पिंपळगाव बसवंतला १५ मे रोजी पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणानं ओरडून सांगितलं, “कांद्यावर बोला!” पंतप्रधान त्याच भाषणात कांद्याच्या बफर साठ्यावर बोललेही, पण लक्षात राहिलं ते ओरडणं. मी सभेनंतर तिथं पोचलो तर मिसळीच्या हॉटेलात तोच प्रवेश चालू होता. एकजण उभा राहून पंतप्रधान होई, दुसरा मागच्या टेबलावरून ओरडे आणि सगळे हसत. तो तरुण शरद पवारांच्या पक्षाचा असल्याची चर्चाही तोवर पसरली होती. गल्ल्यावर बसलेले नाना म्हणाले, “ओरडला ते बेस केलं. पण तोही कुणाचा तरी कार्यकर्ताच निघाला. आमच्यासाठी ओरडणारा आमचा असा कोण आहे?” त्यांनी सुटे पैसे मोजून दिले आणि पुढच्याला हाक मारली.

आमचा असा कोण, याचं उत्तर निफाड तालुक्यात एकेकाळी होतं. त्याच भागात मला एक आबा भेटले, शर्टावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावलेले. बिल्ल्याचा रंग उडून तो विटकरी झाला होता. नोव्हेंबर १९८० मध्ये संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या हाकेवर ऊस-कांद्याच्या भावासाठी इथले रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, आणि खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. आबा त्या वेळी विशीतले. “रुळावर झोपायला गावच्या गाव आलं होतं,” ते म्हणाले. “पण त्याच जोशीसाहेबांच्या माणसाला मत द्यायचं म्हटलं की गाव आपापल्या पार्टीकडे. मीसुद्धा.” हे त्यांनी कसलीही लाज न बाळगता सांगितलं. संघटनेनं रस्त्यावर लाखो माणसं आणली, पण मतपेटीत तेवढं यश तिला कधीच मिळालं नाही, याचं आश्चर्य बाहेरच्या अभ्यासकांना वाटतं. आबांना वाटत नव्हतं. भावासाठी लढायचं ते रस्त्यावर. निवडणुकीत भावकी असते, सोसायटीचं कर्ज असतं, दूध डेअरीचा चेअरमन असतो.

येवल्यात खासदारकीचा विषयच निघेना. पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराला विचारलं तर तो धोटा न थांबवता म्हणाला, “येवल्याला भुजबळ आहेत. खासदार कशाला लागतो?” यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला उमगलं नाही. छगन भुजबळ २००४ पासून इथले आमदार. दिंडोरी तालुक्यातल्या मांजरपाड्याला पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी वळवून ते पुणेगाव-दरसवाडीच्या कालव्यानं येवल्याकडे आणायचं, या एका गोष्टीवर इथं किती निवडणुका झाल्या असतील! पाणी कालव्यात आलं की त्याच्या पूजेचे फोटो लागतात. शेपटाच्या गावांत लोक फोटोच पाहतात. मनमाडला तर तेव्हा नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येत होतं, आणि करंजवणची योजना आता होईलच असं जो तो उमेदवार सांगत होता. तिथं मी जास्त थांबलो नाही. एका रिक्षावाल्यानं “टाकी केवढ्याची घेतली ते विचारा, मत कुणाला ते विचारू नका” एवढं ऐकवलं, ते पुरेसं होतं.

वणीहून सुरगाण्याची जीप पकडली आणि कांदा मागे पडला. अगदी खरंच मागे पडला. घाट चढल्यावर नागली-वरईची मोकळी पडलेली वावरं, साग, आंब्याची झाडं, आणि मे महिना असल्यानं विहिरींच्या तळाशी उतरलेल्या बायका. जीपमध्ये निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून मजुरी करून परतणारी कुटुंबं होती. हंगामात छाटणी, डिपिंग, विरळणी, खुडणी. मुलं बरोबरच. सपाटीवरच्या ज्या बागायतदारांशी मी चार दिवसांपूर्वी बोललो, त्यांच्याच बागेत या माणसांचे महिने जातात. पण दोघांचा खासदार एकच आहे, हे दोन्हीकडे कुणाच्या बोलण्यात येत नाही.

माझ्याशेजारी बसलेल्या बाईंना मी निवडणुकीचं विचारलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो झोपला होता. मग म्हणाल्या, “समदी कांद्याचंच बोलतात. आम्ही तं कांदा इकत आनतो, दादा.”

या एका वाक्यानं माझ्या वहीतली आधीची बरीच पानं उलटीपालटी झाली. जागा यांच्या नावावर राखीव, उमेदवार यांच्यातला, आणि निवडणूक मात्र यांच्या ताटात अर्धा-पाव किलोनं येणाऱ्या कांद्यावर. कांदा महाग झाला तर सपाटीवरचा शेतकरी सुखावतो आणि ही बाई अर्धा कांदा चिरते. उमेदवारानं यातल्या कुणासाठी बोलायचं? ज्याची मतं जास्त त्याच्यासाठी बोलणार, हे उघड आहे. मात्र त्यासाठी राखीव जागेचा घाट घातला नव्हता.

सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी २०२२ च्या डिसेंबरात आम्हाला गुजरातमध्ये घाला अशी मागणी केली होती. पलीकडे रस्ते, वीज, दवाखाना दिसतो, अलीकडे दिसत नाही, एवढंच साधं कारण. अशा एका पाड्यावरच्या तरुणानं त्या दिवसांची गोष्ट हसत हसत सांगितली. “आधी कधी तहसीलदार आला नव्हता. गुजरातेत जातो म्हटलं तं गाड्यांची रांग लागली. महाराष्ट्राला आम्ही तवाच दिसलो.” तो खताच्या गोणीवर बसून मोबाइल चार्ज व्हायची वाट पाहत होता. मतदानाला जाणार का? जाणार. कुणाला देणार? “लाल बावटा असता तं लाल बावटा. पन त्यांनी मागं घेतला.”

माकपनं दिंडोरीत जे. पी. गावित यांना उमेदवारी जाहीर केली होती. सुरगाण्या-कळवणचे अनेक वेळा आमदार राहिलेले हे नेते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या किसान सभेच्या मोर्चात या डोंगरांतली माणसं हजारोंनी होती. पण आघाडीच्या जागावाटपात गावितांना माघार घ्यावी लागली. पाड्यावरच्या एका वयस्क गृहस्थांनी मला घरात बोलावून पत्र्याच्या पेटीतून वनहक्काचा कागद काढून दाखवला. चार एकर कसतात, कागद दीड एकराचा मिळालाय. त्या मोर्चात त्यांच्या पायांची सालं निघाली होती. “मुंबईला सायबांनी सांगितलं, सहा महिन्यांत करतो.” त्यांनी कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला रबर लावला. माघारीबद्दल विचारलं तर म्हणाले, “वरून फोन आला असंल. फोन नेहमी वरूनच येतो.” ते रागावलेले वाटले नाहीत. सपाटीवरच्यांना पाडायला निदान कुणीतरी होतं. यांच्याकडे तेही नव्हतं; ज्याला आणायचं होतं तोच यादीतून गेला होता.

४ जूनला निकाल लागला. भास्कर भगरे १ लाख १३ हजारांच्या मताधिक्यानं निवडून आले, केंद्रातल्या मंत्री पडल्या. हे अनेकांनी आधीच सांगितलं होतं. कुणीच न सांगितलेली गोष्ट तिसऱ्या क्रमांकावर होती. बाबू भगरे नावाचे एक अपक्ष उमेदवार होते आणि त्यांना एक लाखाहून अधिक मतं पडली होती. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. या अपक्षाला निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांतलं जे चिन्ह मिळालं, त्याचं मराठी नाव आयोगाच्या यादीत नुसतं ‘तुतारी’ होतं. चित्रात मात्र ट्रम्पेट, लग्नाच्या बँडमधलं. साताऱ्यातही तुतारीनं असाच घोळ घातला.

यावर खूप लिहून आलं, कट आहे म्हणून आणि निरक्षरता आहे म्हणून. निरक्षरतेचं मला पटत नाही. हिशोबपट्टीतली पाच रुपयांची चूक पकडणारी माणसं आहेत ही. मला वाटतं, ज्याला पाडायचं त्याच्याकडे ज्यांचं सगळं लक्ष लागलं होतं, त्यांनी ज्याला आणतोय त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. भगरे ऐकलं होतं, तुतारी ऐकली होती, यंत्रावर दोन्ही सापडलं, बटण दाबलं. अर्थात मी चुकीचं दाबलं असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. शेजारच्या गावात असे खूप होते म्हणे.

पुढचं माहीत आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, किमान निर्यातदर गेला आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं. नोव्हेंबरात याच सहाही विधानसभा मतदारसंघांत महायुतीचे आमदार निवडून आले, सहाच्या सहा. जून ते नोव्हेंबर, एवढ्यात मतदार फिरला असं काही पंडित म्हणाले. ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे खात्यात पडले होते हे खरंच आहे. पण पाडून झालं की राग संपतो, हेही असावं. १ एप्रिल २०२५ ला उरलेलं शुल्कही गेलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाशिकला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून लासलगावला गेलो. बंदी नव्हती, शुल्क नव्हतं, किमान दर नव्हता. भावही नव्हता. उत्पादन भरपूर, बाहेरचं गिऱ्हाईक सैल. ट्रॅक्टरची रांग तशीच. ते पायजमा-टोपीवाले गृहस्थ मला भेटणं शक्य नव्हतं आणि भेटलेही नाहीत. दुसरा एक तिशीतला शेतकरी ट्रॉलीवर बसून मोबाइल पाहत होता. मी खासदारांचा विषय काढला.

“बोलतात ना कांद्यावर. संसदेत बोललेले व्हिडिओ येतात ग्रुपवर.”

“मग?”

“मग काय! आम्ही ‘बोला’ म्हटलं होतं, ते बोलतात. भाव द्या कुठं म्हटलं होतं?”

“पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी आधी झेडपी आहे, पंचायत समिती आहे,” तो म्हणाला. लिलावाचा घोळका त्याच्या पुढच्या ट्रॉलीपाशी आला होता. त्यानं मोबाइल खिशात टाकला, वरचे दोन-चार खराब कांदे उचलून मागे ढकलले आणि मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.